विश्लेषण : बॅटमॅन गरीब झाला, तरी वारणेच्या काठी का पोहोचला नाही?

९ ऑक्टोबर २०२४ रोजी अमेरिकेत बॅटमॅन गरीब झाला. त्या दिवशी बाजारात आलेल्या ‘अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन’च्या पहिल्या अंकात ब्रूस वेनकडे हवेली नाही, वडिलोपार्जित कंपनी नाही आणि चहा घेऊन उभा राहणारा आल्फ्रेडही नाही. तो एका शिक्षकाचा मुलगा आहे आणि स्थापत्य अभियंता म्हणून काम करतो. बरोबर सहा दिवस आधी, ३ ऑक्टोबरला, केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला होता. या दोन घटनांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. अडचण नेमकी तीच आहे.

कोल्हापूरपासून तीसेक किलोमीटरवर, पन्हाळा तालुक्यात कोडोलीला लागून वारणानगर आहे. तात्यासाहेब कोरे यांनी माळावर साखर कारखाना उभा केला आणि त्याभोवती दूध संघ, बाजार, शाळा, महाविद्यालय, मुलांचा वाद्यवृंद असे सगळे वाढत गेले. १९८३ पासून इथे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. म्हणजे स्थापत्य अभियंता होऊ घातलेल्या, मोबाइलवर बॅटमॅनचा कागद लावलेल्या आणि घरी उसाची शेती असलेल्या मुलांची इथे वाण नाही. सुपरहिरोच्या नव्या पुस्तकांबद्दल अशा चाहत्याला मत असते, आणि ते ठाम असते. ते मत बनते कशावरून, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

बहुतेक वेळा ते पुस्तकावरून बनत नाही. हिंदीत कथा सांगणारी यूट्यूबची चित्रफीत, इन्स्टाग्रामवरची तीस सेकंदांची झलक, टेलिग्रामवरून आलेली चोरीची पीडीएफ आणि शेवटी सिनेमा, अशी ती वाट आहे. छापील अंक हातात घेऊन, आपल्या भाषेत, पान उलटताना थांबून बनवलेले मत या वाटेवर कुठेच नाही. आणि गेल्या दोन वर्षांत आलेली सुपरहिरोंची सर्वांत चांगली पुस्तके तर अशी आहेत, की ती वारणेच्या खोऱ्यात वाचली गेली असती तर न्यूयॉर्कपेक्षा जास्त समजली असती.

गरीब बॅटमॅनमध्ये नवे काय?

डीसी कॉमिक्सने ‘अ‍ॅब्सोल्यूट’ या नावाने आपल्या नायकांची एक वेगळी दुनिया सुरू केली. कल्पना साधी : प्रत्येक नायकाचा जो मोठा आधार आहे तो काढून घ्यायचा आणि मग उरते काय ते पाहायचे. बॅटमॅनचा आधार पैसा. १९३९ पासून तो श्रीमंत आहे आणि रात्री रस्त्यावरच्या भुरट्या चोरांची हाडे मोडतो. श्रीमंत माणसाने गरीब वस्तीत जाऊन गरिबांनाच मारायचे, यात काहीतरी खटकणारे आहे, हे चाहत्यांना जुनेच ठाऊक होते. लेखक स्कॉट स्नायडर आणि चित्रकार निक ड्रॅगोटा यांनी ती खटक कथेच्या मधोमध आणून ठेवली.

या कथेत ब्रूसचे वडील थिएटरबाहेरच्या गल्लीत मरत नाहीत. शाळेची सहल प्राणिसंग्रहालयात गेलेली असताना झालेल्या गोळीबारात ते मरतात. आई जिवंत आहे. आल्फ्रेड हा ब्रिटिश गुप्तहेर आहे आणि तो ब्रूसवर पाळत ठेवायला आलेला आहे. छातीवरचे वटवाघळाचे चिन्ह काढून हातात घेतले की कुऱ्हाड होते. आणि गडगंज श्रीमंत कोण, तर जोकर. तोही हसत नाही.

सर्वांत चांगला बदल मित्रांचा आहे. वेलन, ओझ, एडी, हार्वी ही पोरे ब्रूसबरोबर एकाच गल्लीत वाढलेली आहेत. जुन्या वाचकाला ठाऊक असते की ही पुढे किलर क्रॉक, पेंग्विन, रिडलर आणि टू-फेस होणारी माणसे आहेत. इथे ती पत्ते खेळणारी, एकमेकांची टर उडवणारी दोस्त मंडळी आहेत. कोणत्याही गावात दहावीच्या वर्गातले चार जण वीस वर्षांनी चार दिशांना गेलेले असतात : एक कारखान्यात, एक पुण्यात, एक राजकारणात, एक पोलिसांच्या यादीत. ते पारावर भेटले की जे होते, ते या अंकांत आहे. खलनायक कुठून येतो याचे उत्तर रसायनाच्या पिंपात न शोधता गल्लीत शोधलेले आहे.

मात्र या मालिकेचे जेवढे कौतुक होते तेवढे सगळे ती कमावत नाही. ड्रॅगोटाची चित्रे दणकट आहेत, पण बेन हा खलनायक आल्यावर रक्त आणि मोडतोड इतकी वाढते की गरिबीचा मुद्दा मागे पडतो. गरीब बॅटमॅन अंगाने मात्र आधीच्या प्रत्येक बॅटमॅनपेक्षा अवाढव्य आहे. पैसा काढून घेतला आणि त्या जागी स्नायू भरले, अशी शंका चौथ्या-पाचव्या अंकापासून यायला लागते. तालमीत घाम गाळलेल्या कोल्हापूरकराला हे अंग बघून पहिला प्रश्न पडेल तो खुराकाचा. अभियंत्याच्या पगारात एवढा खुराक परवडतो कसा, याचे उत्तर स्नायडर देत नाहीत.

‘एस’ म्हणजे कोण?

या मालिकांमधली खरी धाडसी ‘अ‍ॅब्सोल्यूट सुपरमॅन’ आहे. ती नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. लेखक जेसन आरन, चित्रकार राफा सँडोव्हाल. नेहमीचा सुपरमॅन तान्हा असताना पृथ्वीवर येतो आणि कॅन्ससमधल्या प्रेमळ शेतकरी जोडप्याकडे वाढतो. इथे तो कळत्या वयात येतो. आपला ग्रह कसा होता आणि कोणी बुडवला, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले आहे. क्रिप्टनवर समाजाची उतरंड आहे आणि त्याचे आईवडील तळाच्या, कष्टकरी वर्गातले आहेत. छातीवरचा ‘एस’ हे राजघराण्याचे चिन्ह नाही, ती मजुरांची खूण आहे. पृथ्वीवर आल्यावर पहिल्या अंकात तो उभा राहतो तो ब्राझीलमधल्या खाणमजुरांच्या बाजूने. समोर आहे लॅझरस नावाची कंपनी.

अमेरिकेत काहींना यात जबरदस्तीने घुसडलेले राजकारण दिसले. पण ते जुनेच आहे. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन स्थलांतरित ज्यू कुटुंबांतल्या पोरांनी १९३८ मध्ये सुपरमॅन आणला, तेव्हा तिसऱ्याच अंकात त्याने एका खाणमालकाला त्याच्याच धोकादायक खाणीत अडकवून मजुरांचे जिणे काय असते ते दाखवले होते. अवकाशातले राक्षस नंतर आले.

वारणानगरच्या वाचकाला हे समजावून सांगावे लागणार नाही. दिवाळीच्या सुमारास हंगाम सुरू झाला की बीडकडून आलेल्या तोडणी मजुरांची पाले फडाच्या कडेला पडतात आणि पहाटे थंडीत उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर कारखान्याच्या रस्त्याला लागतात. या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. एकटा माणूस असला तर तो ‘अर्धा कोयता’. मजुराच्या छातीवर खूण असणे ही आरनला सुचलेली कल्पना आहे. इथे माणसाला हत्याराचेच नाव मिळालेले आहे. ‘अ‍ॅब्सोल्यूट सुपरमॅन’बद्दल ज्याचे मत ऐकण्यासारखे ठरेल असा वाचक या खोऱ्यात आहे. पण ती पुस्तके त्याच्यापर्यंत येत नाहीत आणि त्याचे मत त्या पुस्तकांपर्यंत जात नाही.

तिसरी मालिका ‘अ‍ॅब्सोल्यूट वंडर वुमन’. लेखिका केली थॉम्पसन, चित्रकार हेडन शर्मन. डायना इथे अ‍ॅमेझॉन स्त्रियांच्या बेटावर नाही तर नरकात, सर्सी या चेटकिणीच्या मायेत वाढते. तिच्या घोड्याला पंख आहेत, पण बाकी नुसती हाडे आहेत. या पुस्तकाला २०२५ मध्ये नव्या मालिकेसाठीचा आयस्नर पुरस्कार मिळाला. तिघांत सर्वांत सुंदर तेच आहे आणि त्याबद्दल भांडण्यासारखे फारसे काही नाही.

बापमाणूस स्पायडरमॅन

मार्व्हलनेही जानेवारी २०२४ मध्ये ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’ नव्याने सुरू केला. जोनाथन हिकमनच्या या कथेत पीटर पार्कर शाळकरी पोरगा नाही. तिशी ओलांडलेला, दाढी राखलेला, मेरी जेनचा नवरा आणि दोन लेकरांचा बाप आहे. कोळी चावायचा होता तेव्हा कोणीतरी मुद्दाम तो चावू दिला नाही. आता इतक्या वर्षांनी ती शक्ती घ्यायची की नाही, हे त्याला स्वतः ठरवायचे आहे. बेन काका जिवंत आहेत, मे काकू गेल्या आहेत. बेन आणि जेमसन हे दोघे म्हातारे नोकरी सोडून स्वतःचे वृत्तपत्र काढायला निघतात, आणि पुष्कळ वाचकांना कोळ्याच्या मारामारीपेक्षा या दोघांच्या जेवणाच्या टेबलावरच्या गप्पाच जास्त आवडल्या.

ही मालिका संथ आहे. काही अंकांत मुखवटा चढतच नाही. ‘यात काही घडतच नाही’ ही तक्रार वीस वर्षांच्या चाहत्याकडून येते आणि ती चूक नाही. पण एके काळी एसटी स्टँडवरच्या टपरीतून कॉमिक्स घेऊन वाचलेला, आज चाळिशीत असलेला, मुलीच्या क्लासची फी आणि आईचे गुडघे एकाच महिन्यात सांभाळणारा जो वाचक आहे, त्याच्यासाठी अशी सुपरहिरोची गोष्ट क्वचितच कोणी लिहिली असेल. मार्व्हलने ही सगळी ‘अल्टिमेट’ दुनिया संपवत असल्याचे २०२५ मध्ये जाहीर केले, तेव्हा चाहते हळहळले. खरे तर यात हळहळण्यासारखे काही नव्हते. ऐंशी वर्षे न संपणाऱ्या गोष्टींच्या धंद्यात एखादी गोष्ट ठरवून संपते, ही तिची ताकदच आहे.

एक गंमत अशी, की स्पायडरमॅन मराठीत आलेला आहे, पण पडद्यावर. जून २०२३ मध्ये ‘स्पायडर-मॅन : अ‍ॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ भारतात दहा भाषांत प्रदर्शित झाला आणि त्यांत मराठी होती. त्यात दिसणारा भारतीय स्पायडरमॅन पवित्र प्रभाकर हा मूळचा २००४ मधला. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी घडवलेला. खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईत आलेला हा मुलगा. त्याच्याबरोबर मीरा जैन, समोर नलिन ओबेरॉय, घरी भीम काका आणि माया काकू. अख्ख्या मुंबईत घडणाऱ्या या कथेच्या मुख्य पात्रांत एक कुलकर्णी नाही, एक कांबळे नाही, एक पाटील नाही. खेड्यातून मुंबईला निघालेल्या मुलाचे खेडे कोणते, हे विचारायला त्या वेळी कोणी मराठी वाचक बाजूला बसलेला नसावा.

वेताळ कुठे गेला?

मराठी वाचकाला सुपरहिरो नवा नाही. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनगृहाने मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले, आणि ते मराठीतही निघत. पहिले ३२ अंक एकट्या फँटमचे होते. ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्माण केलेल्या या जांभळ्या पोशाखातल्या नायकाला मराठीत नाव मिळाले ‘वेताळ’. मग मँड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला, आणि १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा अस्सल देशी बहादूर आला, जो गावकऱ्यांचे नागरिक सुरक्षा दल उभे करून डाकूंशी लढत असे. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडले.

‘वेताळ’ हे भाषांतर किती अचूक होते, याचा विचार आजच्या डबिंग करणाऱ्यांनी करावा. वेताळ भुतांचा राजा. तो वेशीबाहेर बसतो आणि गावाची राखण करतो. कोकणात आणि गोव्यात तो ग्रामदैवत आहे. कोल्हापुरात वेताळमाळ नावाची तालीमच आहे. जंगलातल्या कवटीच्या गुहेत राहणाऱ्या, बापाकडून मुलाकडे वारसा जात असल्यामुळे ‘कधीच न मरणाऱ्या’ राखणदाराला याहून योग्य नाव कुठे सापडले असते? इंद्रजालच्या संपादकांना इथला वाचक कोण आहे याचे भान होते. मूळ कथेतली ‘सिंग’ नावाच्या चाच्यांची टोळी भारतीय वाचकाला खटकेल म्हणून तिचे ‘सिंगा’ झाले. नायकाच्या वडिलांना मारणारा ‘रामा’ इथे ‘रामालू’ झाला. बंगालची आठवण करून देणाऱ्या देशाचे नाव बदलून ‘डेंकाली’ झाले. फॉक यांच्या आफ्रिकेच्या चित्रणात गोऱ्या माणसाचा तोरा होता आणि तो भाषांतरातही उरला, हे खरे. तरीही कोणीतरी बसून वाक्यावाक्याला मराठी वाचकाचा विचार करत होते.

नागराजचा पाळणा कुणी हलवला?

इंद्रजाल थकत असतानाच हिंदीत राज कॉमिक्सचा नागराज आला, १९८६ मध्ये. त्याला पहिल्यांदा कागदावर उतरवले ते प्रताप मुळीक यांनी. ‘अमर चित्र कथे’ची कितीतरी पुस्तके ज्यांच्या हातची आहेत ते पुण्याचे चित्रकार. त्याआधी अमिताभ बच्चनवर बेतलेला ‘सुप्रीमो’ हा सुपरहिरोही त्यांनीच काढला होता. पुढे राज कॉमिक्सचाच भोकाल रंगवला तो दिलीप कदम यांनी. म्हणजे हिंदी पट्ट्यातल्या लाखो मुलांच्या मनात सुपरहिरोचे जे पहिले चित्र बसले, त्यात मराठी हातांचा वाटा मोठा होता. हात मराठी, फुगे हिंदी.

नागराजची जन्मकथा तर वारणेच्या काठी येऊन थबकते. प्राध्यापक नागमणीने दहशतीचे हत्यार म्हणून बनवलेला हा सर्पमानव. त्याच्या मेंदूवरचा ताबा काढून त्याला मोकळे करतात ते बाबा गोरखनाथ. आता वारणा नदी ओलांडून सांगली जिल्ह्यात जा. बत्तीस शिराळ्याला नागपंचमीला जिवंत नागांची पूजा व्हायची, आणि ती प्रथा सुरू कशी झाली याच्या आख्यायिकेत गोरखनाथच आहेत. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जिवंत नाग पकडण्यावर बंधने आली आणि त्यावरून त्या भागात आजही वाद होतात. नाग, गोरखनाथ, आणि माणसाने पकडलेल्या सापाला सोडण्याचा प्रश्न : एका सुपरहिरोला जे लागते ते सगळे एका नदीच्या दोन काठांवर पडून होते. ते उचलले दिल्लीच्या प्रकाशकाने. त्याला दोष देण्याचे कारण नाही. त्याला ते दिसले. मुंबईचा म्हणून ओळखला जाणारा डोगा घ्या. अद्रक चाचाच्या व्यायामशाळेत घडलेला हा नायक. त्या चाचाचे भाऊ हल्दी, धनिया आणि काली मिर्च. तालमीत वस्तादांच्या हाताखाली तयार होणाऱ्या पोराची ही गोष्ट कोल्हापुरात सुचू नये, आणि हिंदीत सुचून तिला मसाल्याची नावे मिळावीत, हे जरा जास्तच झाले.

मराठीत प्रयत्नच झाला नाही असे नाही. निखिल महाजन दिग्दर्शित, श्रेयस तळपदेचा ‘बाजी’ हा सुपरहिरो चित्रपट फेब्रुवारी २०१५ मध्ये आला. पण मागे वाचलेल्या पुस्तकांची रांग नसताना थेट पडद्यावर उभा केलेला मुखवटाधारी नायक एकटा पडतो.

मग अडते कुठे?

पहिले उत्तर किमतीचे. अमेरिकन मासिक अंक आज साधारण चार ते सहा डॉलरला असतो आणि त्यात गोष्टीची पाने वीस-बावीस. आयात होऊन इथे येईपर्यंत चारशे-पाचशे रुपये. तेवढ्यात घरात आठवडाभर रोज एक लिटर दूध येते, आणि वारणानगरात दुधाचा हिशेब तोंडपाठ असतो. वर त्या कंपन्या एकाच अंकाची दहा वेगवेगळी मुखपृष्ठे काढून संग्राहकांना भुलवतात. हा धंदा वाचकासाठी कमी आणि कपाटासाठी जास्त चालतो.

दुसरे उत्तर असे दिले जाते, की आजच्या मुलांना इंग्रजी येते, मग मराठीत कशाला? हे उत्तर सोयीचे आहे. इंग्रजी माध्यमात शिकणारा सातवीतला मुलगा इंग्रजी वाचतो, पण ‘अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन’मधली रस्त्यावरची तुटक बोली त्याला अर्धीच लागते. मग तो चित्रे बघतो आणि गोष्ट यूट्यूबवरच्या हिंदी निवेदकाकडून ऐकतो. त्या निवेदकाला जे आवडले ते याला आवडते. ‘बॅटमॅन कसला भारी आहे’ एवढेच मत शिल्लक राहते. बॅटमॅन गरीब का झाला, यावर बोलायला शब्द लागतात, आणि ते शब्द त्याच्याकडे मराठीत असतात. मालक, मुकादम, उचल, फड, पाळी : या खोऱ्यात अन्याय कळतो तो याच शब्दांतून.

इथे वारणानगरचाच एक जुना अनुभव आठवावा. १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ या नावाने सुरू झालेल्या प्रकल्पात आसपासची सुमारे ७० गावे संगणकांनी जोडण्यात आली. तेव्हा मोबाइल ही शहरातल्या श्रीमंतांची वस्तू होती. शेतकऱ्याने गावातल्या केंद्रावर जावे आणि उसाची, बिलाची, बाजारभावाची माहिती घ्यावी, तीही मराठीतून, असा तो बेत होता. देशभरातून लोक तो पाहायला आले. प्रकल्पाच्या यशापयशाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण एक गोष्ट त्यात गृहीत धरलेली होती, की यंत्र कितीही परदेशी असो, पडद्यावरची भाषा गावाची असली पाहिजे. आज पडदा प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि ते गृहीतक कुणाच्याच डोक्यात नाही.

शिवकाशीला जमते

तमिळनाडूतले शिवकाशी हे फटाके आणि काड्यापेट्यांचे गाव. तिथे १९७२ मध्ये ‘मुत्तु कॉमिक्स’ आणि १९८४ मध्ये ‘लायन कॉमिक्स’ सुरू झाले. एका कुटुंबाने, रीतसर हक्क विकत घेऊन, इटलीचा टेक्स विलर, फ्रान्स-बेल्जियमचे नायक, ब्रिटिश कॉमिक्स असे सगळे तमिळमध्ये आणले आणि अजून आणत आहे. ब्रिटनमध्ये विसरला गेलेला पोलादी पंजाचा, अदृश्य होणारा ‘स्टील क्लॉ’ तमिळमध्ये ‘इरुम्बुक्कै मायावी’ झाला आणि तिथे आजोबा-नातवांना एकत्र आठवतो. तमिळ ‘मायावी’ आणि मराठी ‘वेताळ’ ही एकाच जातीची भाषांतरे आहेत. फरक इतकाच, की तिकडे पुढचा अंक येतो.

त्यांचा हिशेब अवघड नाही. वाचक वर्षाची वर्गणी आधी भरतात, त्यावर छपाईचा अंदाज बांधला जातो आणि मोजक्याच प्रती निघतात. ज्या मातीत शेतकऱ्यांनी शेअरचे पैसे आधी भरले आणि कारखाना नंतर उभा राहिला, तिथल्या माणसाला ही पद्धत शिकवावी लागणार नाही. मराठी प्रकाशनालाही प्रकाशनपूर्व सवलतीची सवय आहे, आणि शंभरहून अधिक वर्षांची दिवाळी अंकांची परंपरा तर आहेच. तीनशे-चारशे पानी दिवाळी अंक जो समाज दर वर्षी विकत घेतो, त्याला दीडशे पानांचा एक सचित्र ‘अ‍ॅब्सोल्यूट सुपरमॅन’ परवडणार नाही, हे पटण्यासारखे नाही. अडचण हक्क मिळवण्याची आहे. त्यासाठी एखाद्या मराठी प्रकाशकाने डीसी किंवा मार्व्हलच्या दारात जाऊन विचारावे लागेल, आणि विचारायला जाताना हातात वाचकांची यादी असावी लागेल.

ती यादी चाहत्यांनाच करता येईल. आज चाहते गट करून मुखपृष्ठांचे फोटो पाठवतात, कोण जिंकेल यावर रात्रभर वाद घालतात. त्यातल्या काही शे जणांनी वर्षाच्या वर्गणीची तयारी लेखी कळवली तर निदान बोलणी सुरू होतील. भाषांतराला माणूसही मग नीट निवडावा लागेल. क्रिप्टनवरचा मजूर मराठीत कसा बोलेल, हे पुण्यातल्या शब्दकोशात सापडणार नाही. त्यासाठी हंगामात फडावर चार दिवस काढलेला कोणीतरी हवा.

पहिला अंक कोणता काढायचा यावरून भांडण होणारच. बॅटमॅनवाले संख्येने जास्त आहेत. पण सुरुवात सुपरमॅनने व्हावी, आणि अंक दिवाळीला, गाळप हंगामाच्या तोंडावर यावा. मुखपृष्ठावर त्याचे नाव ‘सुपरमॅन’च ठेवायचे की वेताळासारखे एखादे शोधायचे, हा वाद त्यानंतर निवांत घालता येईल.